फ्रीजमधलं कासव

जेवणं आटोपून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर इंग्लंडहून भाचीचा व्हिडिओ कॉल. तिनं थेट फ्रीजच उघडून दाखवला. आत दूध नाही, भाजी नाही. मधल्या कप्प्यात झाकणाला भोकं पाडलेला एक डबा, डब्यात माती आणि मातीत कासव. गाढ झोपलेलं. "मावशी, आता फेब्रुवारीपर्यंत उठायचं नाही हे," ती म्हणाली. मला आधी काय वाटलं असेल तर हेवा.

हे कासव हर्मन जातीचं, मूळचं भूमध्य समुद्राकडचं. थंडीत झोपणं त्याच्या रक्तातच. पण हीटर लावलेल्या घरात त्याला ना धड झोप ना धड जाग, आणि बागेत ठेवावं तर कडाक्याच्या थंडीत डोळे जायची भीती. म्हणून त्याचा स्वतंत्र फ्रीज, पाच अंशांच्या आसपास. शून्याखाली गेला की गोठणार. दहाच्या वर गेला की चुळबुळ सुरू आणि अंगातली शिदोरी फुकट संपणार. झोपायच्या आधी दोन-तीन आठवडे कडक उपास, कारण पोटात अन्न राहिलं तर ते तिथंच कुजतं. पाणी मात्र भरपूर. मधूनमधून काट्यावर वजन करायचं. दहा टक्क्यांनी उतरलं की झोपमोड करायची. आणि रोज एकदा फ्रीजचं दार उघडून धरायचं, आत ताजी हवा जावी म्हणून. याच मुलीला लहानपणी फ्रीज उघडा टाकून उभी राहते म्हणून धपाटे बसायचे.

उपास म्हटल्यावर मला चातुर्मास आठवला. आषाढीला विष्णू झोपतात, कार्तिकीला उठतात. कूर्मावतार त्यांचाच. आणि हिचं कासव झोपलं नोव्हेंबरात, म्हणजे देव उठले त्याच सुमाराला. दोघांनी पाळ्याच लावून घेतल्यात म्हणायच्या. यातून काहीतरी मोठं सुचणार असं वाटत होतं, तेवढ्यात कॉल तुटला आणि ते राहूनच गेलं.

आमच्याकडं, साताऱ्यात, कासव पाळायची सोय नाही. आपलं चांदण्यांच्या पाठीचं कासव घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून मग घरोघरी हॉलमध्ये पाण्याच्या ताटलीत पितळी कासव. त्याला ना उपास ना वजनकाटा. मला ते मुळीच आवडत नाही. देवळातलं दगडी बरं, निदान पायरीशी बसून असतं आणि पैसा आणायचं कबूल करत नाही.

खरं कासव पाहिलं ते आजोळच्या आडात. पाणी स्वच्छ राहावं म्हणून कुणीतरी पूर्वी सोडलेलं. आजी रहाटावर कुणालाही एकटं सोडायची नाही. "हळू सोड गं पोहरा, खाली कासव आहे." शेवटचा हातभर दोर ती स्वतः धरायची. पोहरा पाण्याला टेकला, कलंडला, गटगट भरला की मगच ओढायचा. आम्ही काठावर पालथं पडून बघायचो. आधी पाण्यात आभाळ दिसायचं, मग आपलीच डोकी, आणि पुष्कळ वेळानं खालून एक काळी ताटली वर यायची. टोकदार नाक बाहेर, एक श्वास, की गडप. आजी त्याला भाताची शितं टाकायची. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की ते गाळात शिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. "माहेरी गेलंय," आजी सांगायची, "पाऊस लागला की येईल." आणि यायचंही.

पुढं वाडा बिल्डरला दिला. आड बुजवायला मुरमाच्या गाड्या आल्या, त्याही मे महिन्यातच. पावसाच्या आधी पाया घ्यायचा होता. परवा मामांना विचारलं, "मामा, आडातलं कासव काढलं होतं का हो?"

"काढलं असेल की कुणीतरी."