सगळे एमसीबी पाडले तरी बुढीचा पंखा फिरूनच राहिला

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, आर्वीकडच्या एका गावात गेलो होतो. काम तसं दीड-दोन तासाचं, नवीन आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवायची आन डीबीतल्या (घरभर लाईन वाटणाऱ्या डब्यातल्या) सहा एमसीबीवर (लाईन तोडणाऱ्या छोट्या स्विचवर) कोणता कायचा ते लिहून द्यायचं. काकाजीले कूलरची वायर बदलताना झटका बसला होता, पाडला एक अन् लाईन होती दुसऱ्यावर.

घरातल्या पोराले खोल्याखोल्यानं फिरवलं, मी इकडून एकेक पाडतो, तो तिकडून ओरडते, "ओसरी गेली!", "सैपाकखोली गेली!" रिकाम्या प्लगात मोबाईलचं चार्जर लावून पाहायचं, कारण एकाच खोलीचा लाईट 6 अँपियरवर अन् प्लग 16 वर असतो, लोक तिथंच फसतात. पाच झाले, सहावाही झाला. सगळे खाली. अन् बुढीच्या खोलीतला पंखा मस्त गरगर.

मेन स्विच पाडला तर पंखा थांबला. काकाजी म्हणे, "पाय, आपल्याच घरची लाईन आहे, तुह्याच मोजण्यात चूक झाली." मलेही तसंच वाटलं खरं तर. बोर्ड खोलला, हात घालणारच होतो, पण सवयीनं टेस्टर लावला तर पेटला. दुसऱ्या तारेले लावला, तोही पेटला! मेन बंद अन् दोन्ही तारा जिवंत, उन्हातबी थंडी वाजली बाप्पा.

मग डोकं चाललं. इथली एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडते, न्यूट्रल (परतीची तार) नाही. मेन स्विच दोन्ही तोडते. म्हणजे पंख्याचा न्यूट्रल या घरचा पण फेज दुसरीकडून येऊन राहिला, न्यूट्रल तुटला की पंखा थांबते पण तार मरत नाही, उलटा पंख्यातून फेज न्यूट्रलवरही येते. आरसीसीबी बसवली असती तर पंखा लावला की ठकठक पडली असती, ती जाणाऱ्या अन् परत येणाऱ्या करंटातल्या 30 मिलीअँपियरच्या फरकाले पडते अन् पंखाच 300 च्या आसपास ओढते.

मंग फेज कोणाचा? भिंतीपलीकडं लहान्या भावाचं घर. वाटणी झाली तवा मधात भिंत घातली, मीटर वेगळं केलं, पण त्या खोलीचा जॉइंट भिंतीच्या तिकडंच राहिला. दोघं भाऊ बोलत नाहीत. काकाजी सकाळपासून मले सांगून राहिले होते का लहाना मायले एक रुपया देत नाही म्हणून. मेन परत चालू केला अन् मीच गेलो तिकडं. काकूनं एकेक एमसीबी पाडला, चौथ्याले पोरगं ओरडलं, "आजीचा पंखा गेला!"

लहाने भाऊ म्हणे, राहू द्या आमच्याकडंच, काय फरक पडते. म्हटलं न्यूट्रल एका घरचा फेज दुसऱ्या घरचा, असं ठेवता येत नाही, उद्या कोणी मेन पाडून हात घालन अन् जाईन. बुढी म्हणे, "पंखा याच्यावर ठेव, लाईट त्याच्यावर." आता तिले काय समजावू!

शेवटी फेज इकडच्या डीबीतून ओढला, तिकडचं टोक त्यांच्या डीबीतूनच काढून टाकलं. आरसीसीबी बसवली, टेस्ट बटन दाबून पाहिलं, पंखा लावला, टिकली. मार्करनं लिहिलं, 'आईची खोली'.

काकाजी ते वाचत उभे होते. मग हळूच विचारलं, "रातंदिवस चालला त पंखा किती युनिट खाते?"

म्हटलं, "75 वॅटचा आहे, दिवसाचे 1.8 युनिट धरा. महिन्याचे 54."

वाटणीले नऊ वर्ष झाले म्हणे. बोटावर काहीतरी मोजत बसले, मग पोराले म्हणाले, तिकडं चहा सांगून ये, तिघांचा.