जुनी चेनसॉ भंगारात घालू नका, आधी तिच्यावरचे नंबर वाचा

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सिंदेवाही पट्ट्यात लाकूड कापायच्या जुन्या मशीनी अजून कितीतरी घरी पडल्या आहेत, कुठे गोठ्यात तणसामागे, कुठे माळ्यावर पोत्यात गुंडाळून. कोणाचे वडील कूपाच्या, म्हणजे जंगलातल्या झाडतोडीच्या, कामावर होते, कोणाला ठेकेदाराने मजुरीच्या हिशोबात मशीन दिली होती, मग माणूस थकला, पोट्टे नोकरीला बाहेर गेले, मशीन कोपऱ्यात गेली ती गेलीच. अन् एक दिवस भंगारवाला येऊन किलोच्या भावाने घेऊन जाते. अॅल्युमिनियम समजून तोलते तो, खरं तर जुन्या बऱ्याच मशीनींची बॉडी मॅग्नेशियमची राहते. मला हे पाहवत नाही, म्हणून लिहून राहिलो.

सगळ्यांचं एकच म्हणणं, "हिचे पार्ट मिळत नाही भौ." दुकानदारही हेच म्हणते, मेकॅनिकही हेच म्हणते. माझं म्हणणं वेगळं आहे. पार्ट मिळतात, पण मशीनचं नाव घेऊन मागितले तर मिळत नाहीत, नंबर अन् माप घेऊन मागितले तर मिळतात. दुकानात जाऊन "जुन्या चेनसॉचं बेरिंग द्या" म्हटलं की दुकानदार मान हलवते, त्याच दुकानात "६२०३ द्या" म्हटलं की दोन मिनिटात काउंटरवर.

माझ्या हाती सगळ्यात जास्त आली ती स्टिल या जर्मन कंपनीची ०७०. १०६ सीसीचं इंजिन, ५८ मिमीचा बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४० मिमीचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. आरएक्स १०० गाडीचं इंजिन ९८ सीसीचं आहे, म्हणजे त्याहून मोठं इंजिन दोन हातात धरून माणूस दिवसभर जंगलात उभा राहायचा, अन् चेन अन् ती जिच्यावरून फिरते ती पट्टी न लावताच वजन साडेदहा किलोच्या आसपास. आंद्रेआस स्टिलने १९२६ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला कंपनी काढली, पण आपण आज जी चेनसॉ ओळखतो तिचं खरं रूप १९५९ च्या त्यांच्या कॉन्ट्रा मशीनपासूनचं. त्याआधी त्यांच्या मशीनीत इंजिन अन् चेनच्या मधात गिअर असायचे, कॉन्ट्रात क्रँक फिरला की क्लच अन् क्लचसोबत चेनचा स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, सरळ फिरते. योगायोग पाहा, त्याच १९५९ ला हुस्क्वार्नाने आपली पहिली चेनसॉ काढली, मॉडेल ९०, अन् ती कंपनी तर १६८९ ला बंदुका बनवायला निघालेली. गिअर गेले, पार्ट कमी झाले, म्हणूनच या मशीनी आज आपल्यासारख्याला घरच्या पडवीत बसून खोलता येतात.

आता नंबर. मशीन आधी धुवायची, डिझेल अन् जुना टूथब्रश घेऊन, कारण सगळं लिहिलेलं त्या काळ्या चिकट थराखाली आहे. स्टिलच्या पार्टवर ओतीव अक्षरात मोठा नंबर दिसते, त्याचे पहिले चार आकडे मशीनच्या घराण्याचे. १०६ सीसीची ०७० अन् १३७ सीसीची मोठी ०९० या दोघींचा आकडा ११०६. म्हणजे दोघी एकाच घराण्यातल्या, बॉडीवरचं बरंच सामान एकीचं दुसरीला बसते. हे एवढं माहीत असलं तरी शोध अर्धा झाला, कारण मग तुम्ही नागपूरला लकडगंजात एखाद्या आरा-मशीनवाल्याकडे पडलेली मोडकी ०९० पाहून "हे आपलं नाही" म्हणून परत फिरत नाही.

०७० च्या चायना कॉपीही बाजारात भरपूर आहेत अन् त्यांचं सामान जुन्या ओरिजिनल मशीनला बसतेही. यावर लोक भांडतात. माझं मत असं की हँडल, स्टार्टरचं कव्हर, रस्सीची पुली, टाकीचं झाकण, मफलर हे कॉपीचं चालते, बिनधास्त लावा. पण क्रँक, पिस्टन अन् कनेक्टिंग रॉडच्या बाबतीत जुना घासलेला ओरिजिनल मला नव्या कॉपीपेक्षा बरा वाटते. दहा-बारा किलोचं यंत्र छातीजवळ धरून फुल रेसवर चालवायचं आहे, तिथे दोन पैसे वाचवू नये.

बेरिंगचं सांगतो, कारण लोक इथेच हार मानतात. बेरिंगच्या कडेला नंबर कोरलेला राहते, कापडाने पुसून उजेडात तिरपं धरून वाचायचा. ६२०१ म्हणजे आतून १२, बाहेरून ३२, रुंदी १० मिमी. ६२०२ म्हणजे १५, ३५, ११. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. कंपनी कोणतीही असो, देश कोणताही असो, माप हेच. हेच बेरिंग सिलिंग फॅनमध्ये आहेत, पंपाच्या मोटरमध्ये आहेत, म्हणून तालुक्याच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातही सापडतात. फक्त एक, इंजिनच्या क्रँकला सी-थ्री लिहिलेलं बेरिंग मागा, त्यात आतला ढिलेपणा जरा जास्त राहते, गरम झाल्यावर जाम होत नाही. ऑइल सीलचंही तसंच, रबरावर तीन आकडे छापलेले राहतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पुसले गेले असतील तर व्हर्नियरने शाफ्ट मोजा, खोबण मोजा, कागदावर लिहून न्या.

कार्बोरेटर डायफ्रामचा. गाडीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा फुगा, राहते, तो आडवा केला की पेट्रोल वाहते, चेनसॉ तर आडवी, उलटी, कशीही धरावी लागते, म्हणून यात पातळ पडदे आहेत, एक क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक फिरते त्या बंद पेटीच्या, दाबाने वरखाली होऊन पेट्रोल ओढते, दुसरा फ्लोटच्या जागी, लागेल तेवढंच पेट्रोल आत सोडते. वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनमध्ये हे पडदे पापडासारखे कडक झालेले राहतात, बोटाने दाबले की करकरतात. बहुतेक "बंद पडलेल्या" मशीनींचा आजार हाच, इंजिन धडधाकट राहते. इथेही मशीनचं नाव विसरा, कार्बोरेटरच्या अंगावर टिलॉटसन किंवा वॉलब्रो लिहिलेलं राहील अन् बाजूला एचएस किंवा एचएलसारखी अक्षरं अन् आकडे, त्यावरून दुरुस्तीची किट मागवा. टिलॉटसन मूळची अमेरिकेतली, आता आयर्लंडमध्ये आहे, जुन्या कार्बोरेटरच्या किट आजही बनतात.

इग्निशन, म्हणजे स्पार्क पाडायची व्यवस्था, जुन्या मशीनीत प्लॅटिनम पॉइंटचं, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचं. लुना, राजदूत, बजाज स्कूटर ज्याने खोलली त्याला हे नवं नाही, अन् आपल्याकडे प्रत्येक बाजाराच्या गावात असा एखादा म्हातारा मेकॅनिक अजून बसला आहे, त्याला जाऊन भेटा, तो खूश होते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करायचे, फिलर गेजने ०.३५ ते ०.४ मिमी गॅप ठेवायचा, प्लगचा गॅप ०.५. कंडेन्सर गेला असेल अन् ओरिजिनल मिळत नसेल तर स्कूटरचा चालते, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, आत जागा नसली तर बाहेर वायर काढून बसवता येते. फ्लायव्हील काढताना पुलरच वापरा, हातोडा नको, अन् आतली अर्धगोल चावी चिरडलेली आहे का ते पाहा, ती जराही सरकली की टायमिंग गेलं, मग स्पार्क चांगला दिसूनही मशीन उलटा झटका देते.

मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे लीक टेस्ट. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँककेस हवाबंद पाहिजे, कुठूनही हवा आत शिरली की पेट्रोलचं प्रमाण कमी होते अन् पिस्टन जळते. कंपनीचं टेस्टर महाग, पण डॉक्टरकडचं जुनं घड्याळवालं बीपीचं मशीन हे काम करते. मफलर काढून तिथे सायकल ट्यूबचा तुकडा ठेवून पट्टीने आवळायचा, इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायची वाट, तीही तशीच बंद करायची, प्लगच्या भोकात जुन्या प्लगचं आतलं चिनी मातीचं काढून त्यात नळी घट्ट बसवायची, अन् बीपीचा फुगा दाबत जायचं. काटा ३०० पर्यंत न्या, म्हणजे साधारण ०.४ बार, अन् सोडून द्या. काटा तिथेच थांबला तर इंजिन बंद डब्यासारखं टाइट आहे समजा. खाली येऊ लागला तर ब्रशने साबणाचं पाणी लावत फिरायचं, आधी सिलिंडरच्या गॅस्केटला, मग दोन्ही बाजूंच्या सीलला. जिथे बारीक फेस उठू लागते तिथे तुमचा रोग. कधी कधी फेस इतका बारीक येते की कान लावून सूं आवाज ऐकावा लागते.

पिस्टन जाम झालेली मशीन आली तरी घाबरू नका. बऱ्याचदा सिलिंडर फाटलेला नसते, पिस्टनचं अॅल्युमिनियम त्याच्या क्रोमवर चिकटलेलं राहते. कॉस्टिक सोड्याचं पाणी इअरबडने फक्त त्या रेघांवर लावायचं, अॅल्युमिनियमवर बुडबुडे येतात, क्रोमवर येत नाहीत, बुडबुडे थांबले की धुवून टाकायचं. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या भोकांच्या, कडांना लागू देऊ नका, तिथे सिलिंडरचं स्वतःचं अॅल्युमिनियम उघडं आहे. हातमोजे अन् चष्मा लागतोच.

चेन अन् पट्टीबद्दल थोडक्यात. ओळीने तीन रिव्हेट मोजून पहिल्या ते तिसऱ्यापर्यंतचं अंतर अर्धं केलं की पिच, म्हणजे चेनचं माप, निघते, ०७० ला .४०४ इंचाची म्हणजे १०.२६ मिमीची चेन, तिला ५.५ मिमीची गोल कानस, तीन अष्टमांश इंचाच्या चेनला ५.२ ची. आज आपण वापरतो तो वळलेल्या दाताचा आकार अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून काढला अन् १९४७ मध्ये विकायला आणला. सागवानात सिलिका राहते, वाळूचाच भाऊ, म्हणून सागावर चेन लवकर बोथट होते, पेट्रोल भरायला थांबलात की दोन-दोन हात कानस मारूनच घ्या. अन् जळकं इंजिन ऑइल पट्टीला घालायची सवय सोडा, त्यात लोखंडाचा बारीक चुरा राहते, पंपच खाऊन टाकते.

आमच्या गावातल्या एका काकाजींनी आयुष्याची कितीतरी वर्षं कूपावर मशीन चालवली. त्यांची ०७० मागायला गेलो तर म्हणाले, "घेऊन जा बाबू, पडूनच हाये. पण चालू झाली तर मले आवाज आयकवजो." मशीन सुरू झाल्यावर त्यांच्या अंगणात नेली, फुल रेस दिली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं अन् म्हणाले, "बारीक बोलून राहिली. जेटचा स्क्रू अजून थोडा खोल." खोलला. आता आवाज किंचित फाटू लागला, तसंच पाहिजे होतं. वाळक्या बाभळीच्या ओंडक्यात पट्टी घातली अन् फाटका आवाज एकदम साफ झाला. रिकाम्या रेसवर थोडं जास्त पेट्रोल, लोडवर बरोबर, हे कोणत्याही मीटरशिवाय कानाने करणारी माणसं आहेत अजून, त्यांच्याकडून शिकून घ्या.

पेट्रोलचं नीट ऐका. आता पंपावर ई-२० येते, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराच्या नळ्या अन् पडदे त्याने फुगतात, अन् आपल्या झाडीपट्टीच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून इथेनॉल खाली बसते. म्हणून नळी नवी, इथेनॉल चालणारी टाका, मिश्रण त्या दिवसापुरतंच बनवा, अन् काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. टू-टी ऑइल जुन्या मशीनींना एका लिटरला ४० मिली. नव्या डब्यावर २० लिहिलं असलं तरी मी जुनीला ४० च घालतो, धूर निघाला तर निघू द्या.

चालवताना मात्र लक्षात ठेवा की या मशीनींना चेनब्रेक, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक, नाही. तो सत्तरच्या दशकात आला. साध्या ०७० च्या हँडलला व्हायब्रेशन अडवणारे रबरही नाहीत, दिवसभर चालवणाऱ्यांची बोटं पांढरी पडायची, सुन्न व्हायची, काकाजींची आजही थंडीत होतात. पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडाकडे उडते अन् थांबवणारं काहीच नसते. म्हणून मी सुधारलेली मशीन आडव्या पडलेल्या ओंडक्यावरच चालवतो, उभ्या झाडावर नाही, अन् कोणी मागितली तरी नवशिक्या पोट्ट्याच्या हातात देत नाही. उभं सागवान तर स्वतःच्या धुऱ्यावरचं असलं तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याने परवानगी घेऊनच तोडायचं.

सध्या टेबलावर ०९० आहे, सिंदेवाहीकडच्या एका घरातून आलेली. बॉडीचं सामान ०७० चं लागून गेलं, पॉइंट साफ झाले, लीक टेस्टला काटा हलला नाही. अडलं आहे ते पिस्टनच्या रिंगवर. बोअर ६६ मिमीचा आहे, रिंगची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवली आहे, अन् आता नागपूर-चंद्रपूरच्या जुन्या रिंगवाल्या दुकानांत तोच कागद घेऊन फिरून राहिलो आहे. एका दुकानदाराने माळ्यावरचे जुने डबे उतरवून पाहतो म्हणून सांगितलं आहे, पुढच्या बाजाराच्या दिवशी परत जाणार.