एकसष्टावी

सकाळी साडेसातला मोठ्या सरांचा फोन आला. "मॅडम, वस्तीवर ट्रॅक्टर आलाय. संध्याकाळी निघायचं म्हणतेत."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. त्या वस्तीवरून ऊसतोडीला कोण जाणार होतं आणि ते गेल्यावर शाळेचं काय होणार होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डबा भरायचा तसाच राहिला, स्कूटी काढली आणि निघाले.

गोष्ट नोव्हेंबर २०२२ ची. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात केंद्रप्रमुख आहे. माझ्याकडे अकरा जिल्हा परिषद शाळा. १९९४ साली राज्यात अशी ४,८६० केंद्रं झाली. दहा-बारा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक नेमायचा, त्याने शाळाशाळांत फिरून वर्गात बसायचं, शिक्षकांना मदत करायची, हा त्यामागचा विचार. मला तो आजही पटतो. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस माहिती गोळा करण्यात आणि ती वर पाठवण्यात जातो. बऱ्याच ठिकाणी ही पदं रिकामी असल्याने एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार असतो. तरी आठवड्यातले तीन दिवस मी शाळेतच घालवते. वर्गात जाऊन मुलाच्या शेजारी बसून त्याला वाचायला लावल्याशिवाय शाळा कळत नाही.

त्या शाळेचा पट ६२. पहिली ते चौथी, शिक्षक तीन. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन. त्या वर्षी ३० नोव्हेंबरचा पट संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवायला, धरायचा होता आणि त्यातही ज्यांचं आधार पोर्टलवर वैध झालंय तीच मुलं मोजायची होती. आमची ६० वैध, दोन अवैध.

त्या दोघांतला एक पहिलीतला मुलगा. जन्म उसाच्या फडावर झालेला, नोंद कुठेच नाही, त्यामुळे दाखला नाही आणि आधारही नाही. त्याचं काम कोर्टकचेरीतून जाणारं, महिन्याभरात होणारं नव्हतं. दुसरी चौथीतली मुलगी. तिचं आधार होतं, नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पण लिंगाच्या रकान्यात 'पुरुष'. दोन वर्षांची असताना गावातल्या शिबिरात कार्ड काढलं होतं, तेव्हा कुणाचं तरी बोट चुकलं. रजिस्टरला मुलगी, कार्डावर मुलगा. पोर्टल दर वेळी मिसमॅच दाखवायचं.

सरांनी तिच्या वडिलांना सप्टेंबरपासून दहा वेळा सांगितलं होतं. पण आधार केंद्र तालुक्याला, बावीस किलोमीटरवर. मुलीला घेऊन जायचं म्हणजे मोलमजुरीचा एक दिवस बुडणार. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

आणि आता ट्रॅक्टर आला होता. उसाचं गाळप त्या वर्षी १५ ऑक्टोबरलाच सुरू झालं होतं, ऊसतोडीच्या बहुतेक टोळ्या दिवाळीआधीच गेल्या होत्या, ही शेवटची. सहा महिने परत येणं नाही. मुलगी गेली की पट ६० वर अडकणार, तिसरं पद अतिरिक्त ठरणार, आणि समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेवर, जाणार सगळ्यात नव्या बाई.

त्या बाईंबद्दल थोडं लिहायला हवं. कोरोनानंतर १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले, तेव्हा या शाळेतली तिसरीची मुलं अक्षरं विसरलेली होती. पहिलीचं वर्ष संपता संपता शाळा बंद पडलेली, दुसरी अख्खी घरात. बाईंनी इयत्तेचा विचारच केला नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्या भिंतीवर काढल्या आणि प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी त्याच्या पायरीवर लावली. रोज एक तास, तिसरीतलं मूल असलं तरी अक्षराच्या पायरीवर असेल तर तिथेच बसायचं. मुलं स्वतःच आपली चिठ्ठी वर सरकवायची वाट बघायची. हे तीन शिक्षक होते म्हणून जमलं. दोघेच असते तर एक जण पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादी आणि पोर्टलमध्ये, आणि दुसऱ्याच्या पुढ्यात चारही वर्ग. असं चालतं त्या शाळा माझ्या केंद्रात आहेत. तिथल्या शिक्षकांना मी दोष देऊ शकत नाही.

वस्तीवर पोचले तर ट्रॉलीत सामान चढत होतं. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, वर दोन शेळ्या. मुलीची आई भांडी पोत्यात भरत होती. मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन उभी. भाऊ दहा महिन्यांचा असेल.

आधी मी हंगामी वसतिगृहाचं बोलले. गावात ठेवा, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत मिळेल, नातेवाइकांकडे झोपेल. आई मान वर न करता म्हणाली, "बारकं कुणापाशी ठिवू, बाई? म्हातारी असती तर ठिवलीच असती की हिला."

गेल्या वर्षी ती आजीपाशीच राहिली होती. आजी जूनमध्ये गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, त्यावर आगाऊ उचल घेतलेली. दोघंही फडात उतरल्यावर तान्ह्याकडे बघायला नऊ वर्षांची बहीणच. तिथे माझं समजावणं संपलं.

मग आधाराचं काढलं. मुकादम बाजूलाच होते. त्यांना मी सरळच सांगितलं, की आजचा दिवस गेला तर शाळेतला एक शिक्षक जाईल. त्यांचाही नातू दुसरीत आहे. घड्याळ बघून म्हणाले, "चारला गाडी हलंल. मंग मला बोलू नका, मॅडम." वडील सामान बांधायला थांबले. आई, मुलगी आणि तो लहानगा सरांच्या गाडीत बसले, पुढे मी.

रस्त्यात मुलगी आपलं कार्ड हातात घेऊन बसली होती. मी सहज म्हटलं, वाच बघू. तिने वरपासून वाचायला सुरुवात केली, नाव, जन्मतारीख, पत्ता, एकदाही अडखळली नाही. मधल्या शब्दापाशी थांबली, पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, पुरुष म्हणजे मी का?"

सर गाडी चालवत होते, त्यांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मी तिला सांगितलं, ते चुकलंय, तेच दुरुस्त करायला चाललोय. वर्षापूर्वी हीच मुलगी अक्षराच्या पायरीवर होती. तिचं वाचन ऐकायला मिळालं म्हणून आनंद झाला, आणि त्याच वेळी पोटात कालवलं, की संध्याकाळपासून ही काय वाचणार?

आधार केंद्रावर एकोणीसचं टोकन मिळालं. अकराला सर्व्हर बंद पडला, तो सव्वा बारापर्यंत. नंबर आला तो एकच्या सुमारास. बाळाच्या कार्डावर ठसे नसतात, पाच वर्षांनंतर ते द्यावे लागतात, तिचे दिलेलेच नव्हते. मुलीने यंत्राच्या काचेवर चार बोटं ठेवली, ठसा उमटेना. ऑपरेटरने बोटं ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा नाही. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला गेलेली, बोंडाच्या कडांनी पेरं चरचरीत झालेली, अंगठ्यावर दोन आडव्या भेगा. आईने पदराच्या टोकाने एकेक बोट कोरडं केलं, तोंडाची वाफ दिली, आणि स्वतःच्या हाताने ते काचेवर दाबून धरलं. सहाव्या वेळी हिरवा दिवा लागला. आईच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिव्याबरोबर उतरला. त्या बाईला ६० आणि ६१ चं काही पडलेलं नव्हतं. आपल्या पोरीचं बोट यंत्राने ओळखलं, तिच्यासाठी एवढंच.

ऑपरेटरने पावती दिली. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते त्याच्या हातात नव्हतं.

पटाची पडताळणी करायलाच नको, असं माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ३ ते ५ तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मी साधी शिक्षिका होते. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली आणि कितीतरी ठिकाणी कागदावरची मुलं वर्गात सापडली नाहीत. खोट्या पटावर खऱ्या मुलांचा पैसा जातो, तो थांबलाच पाहिजे. पण तेव्हा निदान माणूस वर्गात आला होता. इथे वर्गात बसलेली, गोष्ट वाचणारी मुलगी दोन महिने 'अवैध' होती, आणि तिला वैध करण्याची सगळी जबाबदारी तिच्या आईच्या मजुरीवर. एखाद्या मुलाचं कार्ड जुळत नसेल तर केंद्रप्रमुखाने वर्गात जाऊन त्याला समोर बघावं, सही करावी आणि त्या सहीला जबाबदार राहावं. मी आनंदाने राहीन.

पटावर किती काय अवलंबून असतं, हे बाहेरच्यांना दिसत नाही. शिक्षक पटावर. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटावर: तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,०००, एकतीस ते शंभरला २५,०००. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेला. गणवेश, पुस्तकं पटावर. तांदूळ रोजच्या हजेरीवर, पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम.

पावणेचारला वस्तीवर परतलो. बाई ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी दिवसभरात मुलीचं शिक्षण हमी पत्रक भरून ठेवलं होतं, शाळेचा शिक्का, सरांचा फोन नंबर, कुठवर शिकली त्याची नोंद. जाईल तिथल्या शाळेने ते बघून तिला बसवून घ्यायचं असतं. पत्रक आणि चौथीची पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी आईच्या हातात दिली. पेटीत ठेवा म्हणाल्या, वर नको, भिजेल. आईने पेटी पुन्हा उघडली, लुगड्यांच्या घडीत पिशवी ठेवली. मुलगी भावाला घेऊन ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टर वळणापर्यंत दिसत होता, बाई तोवर हलल्या नाहीत.

नवव्या दिवशी सरांचा फोन आला. "मॅडम, व्हॅलिड झालं. एकसष्ट." मी ऑफिसातच होते. शेजारच्या टेबलावरच्यांना ओरडून सांगितलं, इतका आनंद झाला. ३० नोव्हेंबरची मुदत पुढे वाढली, कितीदा तरी वाढली, पण आमचा आकडा जागेवर पडला होता. बाईंचं पद राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत गेले. स्वयंपाकघरात ताई तांदूळ मोजत होत्या. काट्यावर ४ किलो ३०० ग्रॅम. हजेरी त्रेचाळीस. बाकीची मुलं सांगली-कोल्हापूरच्या वाटेने गेलेली. वर्गात गोष्टीच्या पायरीवर तिच्या नावाची चिठ्ठी तशीच होती, बाईंनी काढली नव्हती.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सरांनी मला फोन जोडून दिला. पलीकडे कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. हमी पत्रकावरचा नंबर बघून त्यांनी फोन केला होता. म्हणाल्या, "मुलगी चार दिवस येतेय. वाचन छान आहे हो तिचं. फक्त धाकट्या भावाला बरोबर आणते, तो मांडीवर झोपतो. आमच्या मुख्याध्यापकांना मी सांगितलंय, असू दे म्हणून. भागाकार तुमच्याकडे झालाय का, तेवढं विचारायचं होतं."

मी बाईंना विचारलं. दोन अंकी भागाकार राहिला होता.