लिंडनचे मऊ लाकूड

आपल्याकडे लाकडाची पारख होते ती सागावरून. वजन किती, रेषा कशा उमटल्या आहेत आणि वाळवीपुढे ते किती टिकेल, एवढे पाहिले की गिऱ्हाईक निर्धास्त होते. या तिन्ही कसोट्यांवर युरोपातील लिंडन साफ नापास होईल. त्याचे लाकूड हलके, मऊ आणि फिकट असते, रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, उघड्यावर ते लवकर कुजते आणि घरात ठेवले तरी भुंग्याच्या अळीपासून त्याची सुटका नसते. तरीही मला ते आवडते, आणि त्याचे कारण त्या न दिसणाऱ्या रेषांतच आहे.

रेषा ठळक असल्या की लाकूड पटाशीला आपल्या दिशेने ओढते आणि नको तिथे चिरते. लिंडन असा हट्ट धरत नाही. जर्मनीतील रोथेनबुर्गच्या सेंट याकोब चर्चमध्ये टिलमन रीमेनश्नायडर या शिल्पकाराने 1501 ते 1505 या काळात कोरलेले येशूचे अखेरचे भोजन आहे. त्यातल्या शिष्यांच्या केसांची वळणे आणि वस्त्रांच्या चुण्या पाहिल्या की या मऊपणाची किंमत कळते. त्या काळी अशा मूर्ती बहुधा रंगवून, सोन्याचा वर्ख लावून सजवीत. येथे मात्र सारे काही लाकडावर आणि उजेडावर सोपवलेले आहे. ते धाडसच म्हणावे लागेल.

इंग्लंडमध्ये ग्रिनलिंग गिबन्सने सतराव्या शतकात याच लाकडातून पाने, फुले आणि फळे इतकी पातळ कोरली की लाकडाचे वजन विसरायला व्हावे. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला 1986 मध्ये लागलेल्या आगीत त्यातला एक लांब फुलोरा जळून गेला, तेव्हा डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कारागिराने तो पुन्हा लिंडनमध्येच कोरला.

एकीत एक बसणाऱ्या रशियन बाहुल्याही बहुतेक लिंडनच्याच. लाकूड आधी चांगले वाळवतात आणि लेथवर सर्वांत लहान, न उघडणारी बाहुली प्रथम उतरवतात. तिच्या मापाने पुढची. रशियन शेतकरी तर या झाडाच्या कोवळ्या सालीच्या आतल्या तंतूंचे पट्टे विणून पायांत घालीत. ते जोडे लवकर झिजत, पण फुकटात होत आणि घरच्या घरी विणता येत.