मातृभाषेचा एकच रकाना

रविवार, रात्री उशिरा

आजची दुपार २०११ च्या जनगणनेचे भाषांचे तक्ते चाळण्यात गेली. कारण अगदी घरगुती. येत्या जनगणनेत मातृभाषा काय सांगायची, अहिराणी की मराठी, असा प्रश्न मामेभावाने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि सकाळपासून ग्रुप पेटलाय.

आपल्या देशात भाषा किती, हे तक्त्याच्या कोणत्या पानावर थांबता त्यावर ठरतं. लोकांनी तोंडाने सांगितलेली नावं जशीच्या तशी मोजली तर १९,५६९. त्यातले उच्चारांचे, लिहिण्याचे घोळ निस्तरले की १,३६९ मातृभाषा. मग एकीच्या पोटात दुसरी घालायची, दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या 'इतर'मध्ये ढकलायच्या, की उरतात १२१. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत त्यातल्या २२.

पोटात घालण्याचा प्रकार हिंदीच्या पानावर बघण्यासारखा आहे. एकूण आकडा सुमारे ५२.८ कोटी, पण 'हिंदी' असं स्वतः सांगणारे ३२.२ कोटी. बाकी कोण? भोजपुरी पाच कोटींच्या वर, राजस्थानी अडीच कोटींच्या वर, छत्तीसगढी दीड कोटीच्या वर, आणि अशा कितीतरी. पाच कोटी लोकांची भाषा, पण तिला स्वतःची ओळ नाही. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात नाव लागावं, तसं.

अनुसूचीचं गणितही लोकसंख्येवर चालत नाही. भिली बोलणारे एक कोटी चार लाख. नंदुरबार, झाबुआ, बांसवाडा, दाहोद असा चार राज्यांत पसरलेला समाज. ती अनुसूचीत नाही. बोडो बोलणारे पंधरा लाखांच्या आत, तरी ती २००३ च्या घटनादुरुस्तीने आत आली, कारण बोडोंनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. योग्यच केलं. संस्कृत आपली मातृभाषा आहे असं सांगणारे २४,८२१, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदकडे निहाली बोलतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. एवढी दुर्मीळ वस्तू महाराष्ट्रात आहे, पण बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात, त्यामुळे गेली 'इतर'मध्ये.

आता आमच्याबद्दल. अहिराणी जनगणनेत खान्देशीखाली मोजतात, आणि खान्देशीला मराठीपासून वेगळी ओळ आहे. हे आमच्या ग्रुपवर कुणालाच ठाऊक नव्हतं. २००१ मध्ये आकडा वीस लाखांच्या वर होता, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत धुळे-जळगावकडची माणसं काही कमी झाली नाहीत. कमी झालं ते सांगणं.

ते कसं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या जनगणनेला आमच्या ओट्यावर गुरुजी आले होते. पंचक्रोशीतलेच. पाऊसपाण्याचं, कापसाच्या भावाचं, कुणाच्या सोयरिकीचं सगळं बोलणं अहिराणीत झालं. मातृभाषेचा रकाना आला तेव्हा आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मराठी लिखी ल्या, गुरुजी." गुरुजींनी लिहिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला आईचं चुकलं असंही म्हणवत नाही. तिच्या लेखी अहिराणी घरात असते, कागदावर मराठी. सरकारी माणसापुढे ठेवणीतलं लुगडं काढावं, तशी ठेवणीतली भाषा काढायची, एवढंच.

मामेभावाचा मुद्दा मात्र वेगळा निघाला. २०११ मध्ये मराठीने तेलुगूला मागे टाकून हिंदी, बंगालीनंतर तिसरा नंबर घेतला. मराठी ८ कोटी ३० लाख, तेलुगू ८ कोटी ११ लाख. "आपण सगळ्यांनी अहिराणी लिहिली तर नंबर जाईल," असं त्याचं म्हणणं. मी फरक काढून बघितला: एकोणीस लाखांच्या आत. म्हणजे जवळपास नोंदल्या गेलेल्या खान्देशीएवढाच! तेव्हा त्याची भीती अगदीच पोकळ नाही. पण एका भाषेचा नंबर टिकावा म्हणून दुसरीने गप्प बसायचं, हे मला पटत नाही. हेच आपण हिंदीबद्दल बोलतो तेव्हा किती तावातावाने बोलतो!

शेवटी ग्रुपवर लिहिलं की फॉर्मात मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात. मातृभाषा अहिराणी, मग मराठी, मग हिंदी. मराठी कुठे जात नाही.

मावशीने लगेच अंगठा दिला. मामेभावाचं उत्तर रात्री साडेदहाला आलं: "आणि पोरांच्या इंग्रजीला जागा कुठे? एवढी फी भरतोय!"