फ्रीझ की अपग्रेड?

आमच्या भागात दगड म्हणजे काळा दगड. विहीर खणताना लागतो तो काळा, बांधावर रचलेला तो काळा, रस्त्यावर पसरलेला मुरूम तोही त्याचाच भुगा. औसा तालुक्यातलं आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात आमचं जुनं घर बसलं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक नुकते कुठे झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर अंथरलेला मातीचा थर. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा अठरा वर्षांचे होते. रात्री रानात जागलीला गेले होते म्हणून वाचले. माझा जन्म पुढे नव्या गावातला. हे सगळं सांगितलं की लोक लगेच मान डोलावतात, ‘हां, म्हणून तू जिऑलॉजी घेतलीस.’ तसं काही नाही. पुण्यात फिजिक्सची यादी पावणेदोन टक्क्यांनी हुकली आणि जिऑलॉजीच्या जागा शिल्लक होत्या.

ते वर्ष होतं 2020. त्यामुळे पहिलं वर्ष घरातच, मोबाईलवर. खनिजं ओळखायचं प्रात्यक्षिक फोटोवरून. आता खनिज कसं ओळखतात? नखाने ओरखडून बघतात, हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतात, पांढऱ्या खरखरीत फरशीच्या तुकड्यावर घासून रेघेचा रंग बघतात. हेमटाईट काळं दिसलं तरी रेघ तांबूस उमटते. ही रेघ मी वर्षभर स्क्रीनवर पाहिली आणि परीक्षेत बरोबर लिहिली. कॉलेज सुरू झालं तेव्हा प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, तर आत ग्रॅनाईट, नाईस, शिस्ट असे सगळे आपापल्या खणात बसलेले, अंगावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेले. नाईस म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला, पट्ट्यापट्ट्यांचा खडक. त्याचा तो तुकडा वर्षानुवर्षं मुलांच्या हातांनी इतका गुळगुळीत झाला होता की खडक कमी आणि साबणाची वडी जास्त वाटायचा. काळा दगड सोडून बाकीचे खडक मला भेटले ते असे, कपाटात.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग या काळ्या दगडाने, म्हणजे बसाल्टनेच व्यापलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थर देत गेला, तो हा खडक. दुसरे खडक बघायचे तर विदर्भाच्या पूर्व टोकाला जा, नाहीतर खाली सिंधुदुर्गात. तिसऱ्या वर्षी आमची एकुलती एक सहल सिंधुदुर्गात गेली. रेडीला लोहखनिजाची खाण बघितली, बूट आणि मोजे लाल करून आलो. चार दिवस. तीन वर्षांच्या पदवीत माझं बसाल्टबाहेरचं फील्ड एवढंच.

एमएस्सी करायची हे ठरलेलंच होतं, कारण नुसत्या बीएस्सीवर जिऑलॉजिस्ट म्हणून कुणी उभं करत नाही. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यायची तर पदव्युत्तर पदवी लागते. पुण्यात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, ती देणारच होते. वर्गातल्या एका मुलीने जॅमचा, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला म्हणून मीही भरला. इतपतच माझं नियोजन.

जॅमबद्दल थोडं सांगते, कारण जिऑलॉजीवाल्यांना याची माहिती देणारं फारसं कुणी भेटत नाही. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. पहिल्या भागात तीस बहुपर्यायी, त्यात चूक झाली की गुण कापतात. दुसऱ्या भागात दहा प्रश्न असे की एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात. सगळी बरोबर धरली तरच गुण, अर्धवटाला काही नाही, पण कापतही नाहीत. तिसऱ्या भागात वीस प्रश्न, आकडा स्वतः काढून टाकायचा. आमच्यासारख्यांची दांडी तिथेच उडते. कॉलेजात आपण टिपणं लिहायला शिकतो, ‘सविस्तर उत्तरे लिहा’ला पानं भरतो. इथे थराचा खरा कल, म्हणजे तो किती अंशांनी खाली झुकलाय ते, दिलेलं असतं आणि तिरक्या दिशेने कापलं तर दिसणारा कल किती अंशांचा, हे विचारतात. सूत्र दोन ओळींचं आहे, पण हात बसलेला पाहिजे.

12 फेब्रुवारी 2023, रविवार. नेमका तसलाच प्रश्न आला. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचा वापरायचा, तोही माउसने. मी टॅन काढला आणि आकडा आला ऋण. पुन्हा काढला, पुन्हा ऋण. कल ऋण कसा असेल? घाम फुटला. चार-पाच मिनिटं गेल्यावर लक्षात आलं की कुठेतरी चुकून क्लिक होऊन कॅल्क्युलेटर अंशांवरून रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्याच एककावर, गेला होता. तोपर्यंत आधीचे दोन प्रश्न त्याच रेडियनमध्ये सोडवून झाले होते. एक परत केला, दुसऱ्याला वेळ उरला नाही. कुणी विचारलं की तयारी कशी करू, तर माझा पहिला सल्ला हाच असतो: महिनाभर आधीपासून तो स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटरच वापर, हातातला कपाटात ठेव.

मार्चमध्ये निकाल लागला. रँक तीन आकडी, म्हणजे फार मिरवण्यासारखी नाही आणि रडण्यासारखीही नाही.

खरी धावपळ त्यानंतरची. आमची जमीन साडेतीन एकर, त्यामुळे ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणात, बसत होते. दाखला माझ्याकडे होता, पण तो राज्याच्या नमुन्यातला. आयआयटीला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तोही एक एप्रिलनंतर, नव्या आर्थिक वर्षात काढलेला. कचेरीत अर्ज दिला. दहा दिवसांनी दाखला आला तो पुन्हा राज्याचाच. टेबलावरचे साहेब म्हणाले, “दोन्ही सारखेच असतेत ओ, चालतंय.” चालत नाही. आप्पांनी केंद्राच्या नमुन्याची छापील प्रत काढून त्यावर लाल पेनाने गोल केला आणि ती अर्जाला टाचून पुन्हा दिली. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सगळी पुन्हा झेरॉक्स. आप्पांचे चार दिवस त्यात गेले, आणि एप्रिल-मे म्हणजे रानातल्या मशागतीचे दिवस. तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण अजूनही घरात कुठलाही कागद आला की ‘केंद्राचा का राज्याचा?’ असं विचारून हसतात.

आयआयटींचा पसंतीक्रम मी फार विचार न करता भरला होता. पहिली मुंबई, कारण मुंबई. दुसरं झारखंडातलं धनबाद. पुढे रुरकी, खरगपूर. जूनमध्ये पहिली यादी लागली आणि मला धनबाद मिळालं.

आता इथे पोर्टल तीन पर्याय देतं. फ्रीझ, म्हणजे हीच जागा पक्की, पुढच्या याद्यांतून मी बाहेर. अपग्रेड, म्हणजे ही जागा तात्पुरती धरा, वरच्या पसंतीचं काही सुटलं तर ते द्या. आणि तिसरा, नको म्हणून निघून जाणं. अपग्रेड दिसायला फुकटचा दिसतो, पण त्यात एक मेख आहे. वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते. मग ‘थांबा, मला धनबादच हवं होतं’ म्हणायची सोय नाही. म्हणजे दोन्ही समोर ठेवून निवडायची वेळ येतच नाही; वरची जागा मिळण्याआधीच ठरवावं लागतं की ती मिळाली तर आपल्याला हवी आहे का.

घरात मतभेद नव्हताच. अपग्रेड! नाना, म्हणजे चुलते, फोनवर म्हणाले, “मुंबई सोडून कुणी धनबादला जातं का? तिथं आयआयटी कधी झाली?” मी म्हटलं, “2016 ला. पण संस्था 1926 ची आहे नाना, खाणीचं शिक्षण द्यायलाच काढलेली.” ते म्हणाले, “मग कोळसा काढायला चाललीस का?” आजीचं वेगळंच. “तितक्या लांब कशाला जाऊलालीस माय? हितं दगडं कमी हैत का?”

आजीचा प्रश्न मला नानांच्या प्रश्नापेक्षा जास्त नेमका वाटला.

मी दोन्हीकडच्या सीनियर मुलींना फोन केले. फी, मेस, प्लेसमेंट हे सगळे विचारतात, मीही विचारलं. पण दोघींना एक प्रश्न मुद्दाम केला: वर्षाला किती दिवस फील्डवर असता आणि कुठे? मुंबईवालीने प्रयोगशाळा, उपकरणं, शिकवणारे यांचं भरभरून सांगितलं, आणि ते खरंच असणार. धनबादवाली म्हणाली, “गावात धूळ आहे. कपडे वाळत घातले की काळे कण बसतात. जवळच झरियाला जमिनीखाली कोळसा पेटलेला आहे, शंभर वर्षांपासून. पण इथून बाहेर पडलं की एका बाजूला गोंडवनाचे कोळसावाले थर, दुसऱ्या बाजूला छोटानागपूरचं नाईस. बसने जायचं आणि हातोडा मारायचा.”

हातोडा मारायचा. मला कपाटातली ती साबणाची वडी आठवली.

त्याच आठवड्यात मी एक जुना शोधनिबंध पुन्हा काढला. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी 617 मीटर खोल वेधन केलं होतं. वरचे 338 मीटर बसाल्ट. मग जेमतेम आठ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली जुनाट स्फटिकी खडक, नाईसच्या जातीचा, अब्जावधी वर्षांचा. आमचं घर पाडणारा भूकंप त्या खालच्या खडकात झाला होता. वरच्या काळ्या दगडाने ते सगळं असं झाकलंय की बघायचं तर भोक पाडावं लागतं. धनबादच्या आसपास तशाच जुन्या खडकांवर लोक शेळ्या चारतात.

रात्री आप्पांना हे सांगितलं. कागदावर आकृती काढली: वर आमचं रान, खाली 338, खाली आठ, खाली ते. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “आपल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं होतं?” मी म्हटलं, “चारशे वीस.” “म्हणजे आपण अजून वरवरच हाव,” म्हणाले.

मग व्यवहाराचं निघालं. धनबादचा कोर्स एमएस्सी टेक, तीन वर्षांचा. मुंबईचा दोन. एक वर्ष जास्त म्हणजे एक वर्षाची फी, मेस, आणि कमाईचं एक वर्ष उशिरा. यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. गाडीचा प्रवासही मुंबईहून गयामार्गे जवळपास दीड दिवस. आप्पा एवढंच म्हणाले, “तिसऱ्या वर्षाचं मी तिसऱ्या वर्षी बघतो.” आई आतून म्हणाली की थंडीचे कपडे आत्ताच घ्या, नंतर महाग मिळतात. त्यावरून मला कळलं की ठरलं.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी फ्रीझ केलं. फी भरताना ओटीपी येईना, आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर. मी वर फोन धरून उभी, भाऊ खाली लॅपटॉपवर, आणि मी वरून आकडे ओरडून सांगतेय. तिसऱ्या वेळी जमलं. शेजारच्या काकूंना वाटलं लॉटरी लागली.

आता माझं तिसरं वर्ष चालू आहे. त्या वेळची एक गोष्ट मात्र घरी कुणाला ठाऊक नाही. पुढच्या यादीनंतर मैत्रिणीने मला मुंबईचा शेवटचा रँक पाठवला होता. अपग्रेडवर ठेवलं असतं, तर नानांची मुंबई मला मिळाली असती. तो स्क्रीनशॉट मी लगेच पुसून टाकला. नाना असलं काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.