चालत होतं ना?

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. रात्रीचा दीड.

रविवारपासून एक वाक्य कानात अडकून बसलंय. ‘चालत होतं ना? मग हात कशाला लावलास?’

रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मीही चार शब्द बोललो असतो, ताटावर दोघं गप्प, सकाळच्या चहाला मिटलं. पण हिने ते रांगोळी चाळता चाळता म्हटलं, मान वर न करता, ‘दूध उतू गेलं वाटतं’ म्हणावं तसं. मागच्या वर्षीची १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी हिला बघायची होती. मी फोल्डर उघडला. फोटोंच्या जागी करड्या चौकटी. एक फोटो आला. मग बराच वेळ काहीच नाही. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता एकटक पेटलेला.

झालं होतं एवढंच, की कॉम्प्युटरवरची लिनक्स सिस्टीम, डेबियन, १२ वरून १३ केली. ऑगस्टमध्ये ट्रिक्सी, म्हणजे हेच १३, आलं तेव्हा उडी मारली नाही, दोन महिने थांबलो, रिलीज नोट्स वाचल्या आणि मगच रविवारी दुपारी बसलो. घाई केलीस म्हणायला जागाच ठेवली नव्हती. तरी हात कशाला लावलास.

हे वाक्य माझ्यासाठी घरात राखूनच ठेवलेलं आहे. गीझरच्या वेळी होतं, मिक्सरच्या वेळी होतं. मी उघडलेल्या आणि पुन्हा न लागलेल्या वस्तूंची यादी धाकट्यालासुद्धा पाठ आहे. इस्त्री, बेसिनचा नळ, त्याचाच हेडफोन, हे माझ्या हातून नीट झालं ते कुणाच्या लक्षात नाही. चालू असलेल्या गोष्टीला कुणी बघतच नाही मुळी.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर पहिलं काम तेच. डिस्क किती राबतेय ते दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि वाचन सेकंदाला काही केबी. काम नाही आणि फुरसतही नाही. आमच्या सेक्शनला असे दोघं आहेत.

संशय अर्थातच अपग्रेडवर. नोम या डेस्कटॉपमधला फायलींची सूची करणारा ट्रॅकर आता लोकलसर्च झालाय, तोच सगळ्या फायली नव्याने चाळत असणार म्हणून त्याला बंद केलं. फरक नाही. डिस्कची कामं रांगेत लावणारा शेड्यूलर एमक्यू-डेडलाइन होता, तो काढून बीएफक्यू लावला. फरक नाही. ट्रिक्सीत टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फायलींचा फोल्डर, रॅममध्ये जातं, त्याचा या डिस्कशी काही संबंध नाही, हे कळत असूनही अर्धा तास तिथे घालवला. एचडीपार्मने डिस्कचा वाचनाचा वेग मोजला तर एकदा सेकंदाला १३१ एमबी, लगेच पुन्हा ९, मग ११८. डिस्क म्हातारी झाली तर संथ होते, पण अशी लहरी?

मंगळवारी धाकटा म्हणाला, ‘बाबा, एसएसडी घे ना सरळ.’ सिस्टीम एसएसडीवरच आहे रे राजा. होम, म्हणजे आपल्या फायली, तेवढं जुन्या डिस्कवर. आईच्या आवाजाच्या फायलीही तिथेच. असो.

काल रात्री मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून मुद्दाम जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, निवडला. अपग्रेडनंतरही ६.१ मशीनवर राहतो, ६.१२ च्या खाली. जुन्यावर सगळं सुरळीत चाललं की नव्या कर्नलविरुद्ध सविस्तर बग रिपोर्ट लिहायचा, हे मनाशी ठरलेलं. पहिलं वाक्य तयारही होतं, चांगलं खणखणीत. चालू केलं. तोच फोल्डर, त्याच करड्या चौकटी, तोच लाल दिवा. जुन्या कर्नलवरही.

तेव्हा कुठे डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, उघडलं. जे पहिल्याच मिनिटाला उघडायचं असतं, जे मी दुनियेला सांगत फिरतो. ‘बॅडसीआरसी’, ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, पुन्हा ‘बॅडसीआरसी’. डिस्कची सहा जीबीपीएस वेगाची लिंक कर्नलने आधी तीनवर आणली होती, मग दीडवर. डिस्क बिचारी माहिती बरोबर पाठवतेय, ती वाटेत बिघडतेय, पडताळा जुळत नाही, की कर्नल लिंक तोडून पुन्हा जोडतो आणि पुन्हा मागतो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ५ आणि १९७ नंबरच्या ओळींत शून्य, म्हणजे सेक्टर खराब नाहीत. १९९ नंबरला मात्र २१४. दहा मिनिटांनी २३१. हा यूडीएमए सीआरसीचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या माहितीचा, आकडा असा चढायला लागला की बहुतेक वेळा केबलच.

आणि मग आठवलं. रविवारी सकाळी, अपग्रेडच्या आधी, मी कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ काढली होती. ‘दिवाळी आली, तुझ्या त्या डब्यातलं जाळं काढ आधी,’ हे कोण म्हणालं होतं तेही आठवलं.

आधी आनंदच झाला. अपग्रेड निर्दोष! तीन दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. मग लक्षात आलं, चोर कोण. म्हणजे हात लावला होता हे खरंच, फक्त हिला वाटतो तिथे नाही. पण तो लावायला सांगितला कुणी? पडल्या पडल्या हा खटला मी दोन्ही बाजूंनी तीनदा लढलो. तिन्ही वेळा हरलो. तिसऱ्या वेळी हसू आलं.

मोबाइलचा टॉर्च दातात धरून आत बघितलं. डिस्क मदरबोर्डला जोडणारी लाल साटा केबल, बिनक्लिपची, बाजूच्या पत्र्याला टेकून दुमडलेली. डिस्कच्या बाजूचं टोक तिरकं, एक कोपरा जेमतेम तांदळाएवढा बाहेर. मदरबोर्डच्या खोक्यात क्लिपवाली एक केबल न फोडलेल्या पिशवीत होती, ती लावली. टक्. लिंक ६.०. एचडीपार्म १७२, १७१, १७२. १९९ चा आकडा २४० वर थांबला. तो काही आता शून्यावर येत नाही, डिस्क स्वतःजवळच लिहून ठेवते. उद्या पुन्हा बघेन, चढला नाही म्हणजे झालं.

संध्याकाळी फोल्डर उघडला तर सगळे फोटो एकदम.

‘झालं का?’

‘झालं.’

‘काय होतं?’

‘केबल सैल होती.’

‘कशाने?’

‘धुळीने,’ मी म्हणालो.

हिने फोटो मोठा करून ठिपके मोजले. १५ ते ८ नव्हतेच, ११ ते ६ होते. काही न बोलता कागदावर उतरवून घेतले. उद्या वसुबारस.

कॅबिनेटचा पत्रा अजून लावलेला नाही. चारातला एक स्क्रू सापडत नाहीये.